उकाडा खरा आहे, पण हेल्मेट काढणे हा त्यावरचा उपाय नव्हे

मार्च उजाडला की पेण-वडखळ रस्त्यावर एक गोष्ट हमखास दिसते. हेल्मेट असते, पण ते डोक्यावर नसते. कुणाच्या कोपरात अडकवलेले असते, कुणाच्या आरशाला टांगलेले असते, तर कुणाच्या पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेले. पोलीस दिसले की ते डोक्यावर चढते आणि चौक मागे पडला की पुन्हा उतरते. विचारले तर उत्तर ठरलेले असते: "डॉक्टर, जीव गुदमरतो हो त्यात!"

हे उत्तर मी खोटे मानत नाही. आपल्या कोकणातला उन्हाळा काय चीज आहे ते इथे राहणाऱ्यालाच कळते. नागपूरकर ४५ अंश सांगून भाव खातात, पण तिथला घाम अंगावर वाळतो. इथे ३५ अंशांतच बनियन पिळून काढावा लागतो. तेव्हा "उकाड्याचे काय एवढे, सवय करून घ्या" असे मी म्हणणार नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच की उकाडा आणि अपघात या दोन धोक्यांपैकी उकाड्यावर आपल्या हातात भरपूर उपाय आहेत. फुटलेल्या कवटीवर फार थोडे आहेत. म्हणून हेल्मेट, बूट, हातमोजे, जॅकेट अंगावर ठेवूनच गार कसे राहायचे ते शिकायला हवे. आणि ही जबाबदारी एकट्या गाडी चालवणाऱ्याची नाही, हेही मला या लेखात मांडायचे आहे.

आधी उकाड्याची बाजू

१६ एप्रिल २०२३ या दिवसाची आठवण आपल्या जिल्ह्याला करून द्यावी लागणार नाही. खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेली माणसे तासन् तास उघड्या मैदानात बसली आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी तापमान होते ३८ अंशांच्या आसपास. विदर्भात हा आकडा कुणी मनावरही घेतला नसता. पण दमट हवा, डोक्यावर ऊन आणि बराच वेळ अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ३८ अंशही पुरेसे होतात. हवामान खात्यालाही हे मान्य आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट ठरवताना कमाल तापमान किमान ४० अंश लागते, तर किनारपट्टीला ३७ अंशांपासूनच विचार होतो, अर्थात ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असेल तर.

याचे कारण घामात आहे. घाम आल्याने अंग गार होत नाही, तो वाळल्याने होते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तोच घाम कपाळावरून ओघळून शर्टावर पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही, उलट अंगातले पाणी आणि मीठ मात्र जाते. आपल्याकडे हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळायला जागाच मिळत नाही. त्यामुळे इथे गार राहण्याचे सगळे तंत्र एका वाक्यात सांगता येते: अंगावरून हवा वाहू द्या आणि घाम वाळू द्या.

आता डोक्याची बाजू

"मी चाळीसच्या पुढे जातच नाही" आणि "पाच किलोमीटरवर तर कंपनी आहे" ही दोन वाक्ये मी सतत ऐकतो. शाळेतले पदार्थविज्ञान आठवा. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. गाडी अगदी उभी असताना माणूस आडवा झाला तरी ते डोके जमिनीवर आदळेपर्यंत ताशी सुमारे २० किलोमीटरचा वेग घेते. म्हणजे धडक, ट्रक, भरधाव गाडी यांतले काहीही नसताना नुसते पडणे मेंदूला पुरते. त्यात आपल्या महामार्गाचे पळस्पे ते इंदापूरचे काम २०११ पासून रेंगाळलेले. वळवलेले रस्ते, खडी, धूळ आणि खड्डे यांत पडायला वेग लागत नाही.

हेल्मेटचा उपयोग किती, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा तपासले गेले आहे. कॉक्रेन या संस्थेने २००८ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. एवढा फायदा देणारी एखादी गोळी असती तर ती घ्यायला रांग लागली असती.

हेल्मेटमध्ये गार कसे राहाल?

पहिली गोष्ट म्हणजे हेल्मेट घेतानाच पुढे आणि मागे हवेचे झरोके असलेले घ्या. पुढून शिरलेली हवा मागून बाहेर पडली तरच डोक्यावरून वारा वाहतो. दुकानातच झरोके उघडून-मिटून बघा, काही स्वस्त हेल्मेटांवर ते नुसते दाखवायला असतात. आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक पाहा. १ जून २०२१ पासून या चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला टोप्या विकल्या जातातच.

रंग पांढरा किंवा फिकट घ्या. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या आणि पांढऱ्या गाडीच्या टपाला हात लावून पाहिला असेल तर कारण सांगायला नको. शिवाय फिकट रंग समोरच्या ट्रकवाल्याला लवकर दिसतो.

हेल्मेटच्या आत पातळ टोपी किंवा सुती रुमाल घाला. तो घाम शोषतो, डोळ्यांत येऊ देत नाही आणि रोज धुता येतो. मात्र जाड स्कार्फचे चार वेढे मारून त्यावर हेल्मेट चढवू नका. असे हेल्मेट डोक्यावर बसत नाही, तरंगते, आणि पडताना निघून जाते. आमच्या ताई-वहिनींना हे खास सांगणे आहे. सनकोट, स्कार्फ आणि लांब हातमोजे या वेशाने ऊन अडते, डांबर अडत नाही. स्कार्फ गळ्यापाशी एकच वेढा, टोके जॅकेटच्या आत आणि त्यावर हेल्मेट असे करा. ओढणी किंवा पदर मोकळा सोडून मागे बसणे तर नकोच, चाकात अडकून मानेला फास बसतो.

हवा यावी म्हणून हेल्मेटला भोके पाडणे किंवा आतला थर्माकोलसारखा कडक थर कापून काढणे हे उद्योग अजिबात करू नका. धक्का तोच थर पितो. तो काढला की उरतो तो प्लास्टिकचा वाडगा.

"हेल्मेटने टक्कल पडते" या समजालाही इथेच निरोप देऊ. पुरुषांमधले नेहमीचे टक्कल आनुवंशिकता आणि संप्रेरके यांमुळे पडते. हेल्मेटमुळे होतो तो कोंडा, खाज आणि क्वचित फोड. आतले कापडी अस्तर घामाने ओले राहते म्हणून हे होते. अस्तर आठवड्यातून एकदा साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा. रोज घरी आल्यावर हेल्मेट डिकीत न कोंबता पंख्याखाली उलटे ठेवा.

जॅकेट, हातमोजे, बूट

सगळेच एकदम घेणे प्रत्येकाला परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून माझ्या मते क्रम असा लावावा: हेल्मेट, मग पाय झाकणारे बूट, मग हातमोजे, मग जॅकेट. पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि तळहाताची साल निघते. महिनाभर घास तोंडात घालता येत नाही, तेव्हा हातमोज्यांची किंमत कळते. चपलेतल्या बोटांचे काय होते ते न सांगितलेलेच बरे.

जॅकेट घेणार असाल तर जाळीचे घ्या. खांदा, कोपर आणि पाठ इथे कडक संरक्षक गाद्या आणि बाकी भाग घट्ट विणीच्या मजबूत जाळीचा, अशी रचना असते. कातडी जॅकेट थंड देशांसाठी ठीक आहे, आपल्या मे महिन्यात ते म्हणजे चालता-बोलता कुकर. जॅकेट अंगाबरोबर बसणारे हवे. ढगळ असेल तर पडताना कोपरावरची गादी कोपरावर राहत नाही.

आत काय घालायचे हेही महत्त्वाचे आहे. जाड सुती बनियन घाम पितो, पण सोडत नाही. तो ओला, जड होतो आणि काखेत, मांडीत घासतो. खेळाडू घालतात तसा पातळ, लवकर वाळणारा, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आत घातला तर घाम कापडावर पसरतो आणि जाळीतून येणारा वारा तो वाळवतो. कामावर बदलायला एक शर्ट पिशवीत ठेवा.

बाजारात पाण्यात भिजवून घालायचे गारव्याचे बंडी-कोट मिळतात. त्यातले पाणी वाळते म्हणून गार वाटते. सोलापूर, जळगावच्या कोरड्या हवेत ते उत्तम चालतात. पेण-रोह्याच्या दमट दिवशी त्यांचा जोर कमी पडतो, म्हणून त्यावर मोठा खर्च करण्याआधी मानेभोवती ओला रुमाल बांधून बघा. तेवढ्यातून तुम्हाला अंदाज येईल.

आणि एक विसरू नका: जाळीचे जॅकेट चालत्या गाडीवरच गार असते. वडखळला कोंडीत अडकलात तर वारा थांबतो आणि अंग तापू लागते. कोंडी लांबणार असे दिसले तर गाडी कडेला, शक्य असेल तर सावलीत लावा, खाली उतरा आणि मग जॅकेटची चेन उघडा, हेल्मेट काढा. थांबून काढा, चालवताना नको.

खरा धोका जाताना नव्हे, येताना

सकाळी सातच्या पाळीला जाणारा माणूस झोप झालेला, पाणी प्यायलेला, थंड वेळी निघालेला असतो. तोच दुपारी तीनला सुटतो तेव्हा आठ तास भट्टीजवळ किंवा पत्र्याच्या शेडमध्ये घाम गाळून झालेला असतो. डोलवी, नागोठणे, धाटाव इथे काम करणाऱ्या कित्येकांचा दिवस असाच जातो. शरीरातले पाणी वजनाच्या दोन टक्के, म्हणजे ६० किलोच्या माणसात सव्वा लिटरच्या आसपास कमी झाले तरी लक्ष विचलित होऊ लागते, हालचाल मंदावते. अर्ध्या तासाच्या प्रवासात एवढे पाणी जात नाही, पण पाळी संपताना ते आधीच गेलेले असते. त्यावर हेल्मेट-जॅकेट चढवून भर उन्हात निघायचे, आणि चक्कर आली की दोष हेल्मेटला!

म्हणून सुटल्याबरोबर किक मारू नका. तोंड, मान, हात धुवा. पंख्याखाली दहा मिनिटे बसा. दोन-तीन भांडी पाणी हळूहळू प्या. अंगाची काहिली उतरू द्या आणि मगच जॅकेट घाला. ही दहा मिनिटे मला सगळ्या महागड्या साधनांपेक्षा जास्त मोलाची वाटतात.

काय प्यावे? रोजच्या छोट्या प्रवासाला साधे पाणी आणि नेहमीचे जेवण पुरते. खूप घाम गेला असेल तर मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत, शहाळे किंवा आपले कोकम सरबत घ्या. मधुमेह्यांनी साखरेशिवाय आणि रक्तदाब असलेल्यांनी जपून मिठाचे. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवा, पेल्याभर पाण्यात ओतू नका. ज्यांना मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी या लेखावरून प्रमाण बदलू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे.

काही औषधे उन्हात जास्त त्रास देतात: लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, हृदयाचे ठोके कमी ठेवणाऱ्या गोळ्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची औषधे, सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधे. यातली कोणतीही परस्पर बंद करू नका. उन्हाळ्यापूर्वी एकदा दाखवून घ्या, एवढेच. इन्सुलिन डिकीत ठेवू नका, उन्हातल्या डिकीत ते खराब होते.

शरीर उन्हाला सरावते, पण त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या कडक उन्हाच्या दिवसांत, आजारपणातून किंवा लांब सुट्टीवरून परतल्यावर जास्त जपा. जॅकेटची सवय करायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत सुरुवात करा. एप्रिलमध्ये पहिल्यांदा घातले तर दुसऱ्या दिवशी ते खुंटीवरच राहते.

जांघेतली खाज

हा विषय कुणी आपणहून काढत नाही, म्हणून मी काढतो. ओले कपडे, जाड जीन्स आणि रेक्झिनची सीट यांमुळे उन्हाळ्यात जांघेत आणि काखेत गजकर्ण फोफावते. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावले की दोन दिवस बरे वाटते आणि मग ते दुपटीने पसरते. घरी आल्यावर लगेच आंघोळ, अंग कोरडे करणे, सैल सुती कपडे आणि तरीही चट्टा राहिला तर डॉक्टरांकडे. लाजू नका.

कधी थांबायचे?

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी: यातले काहीही जाणवले की गाडी थांबवा. "आता घर जवळच आलंय" म्हणून रेटू नका. सावलीत बसा, हेल्मेट-जॅकेट काढा, अंगावर पाणी घ्या, घोट घोट प्या.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा, मग घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत वाट पाहत बसू नका. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवा. अशा वेळी पहिली काही मिनिटेच जीव वाचवतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. आणि माणूस गाडीवरून पडला असेल तर हेल्मेट खेचून काढू नका. एकाने डोके-मान स्थिर धरावी आणि श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट जाणकार येईपर्यंत राहू द्यावे.

आणि जबाबदारी कुणाची?

कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हेल्मेट सक्तीचे करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १,००० रुपये आहे आणि परवानाही तीन महिने जाऊ शकतो. कारखान्यांच्या फाटकांवरही "हेल्मेटशिवाय प्रवेश नाही" अशा पाट्या असतात. या सक्तीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पण सक्ती करणाऱ्यानेही काही द्यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाड्या उभ्या करायच्या जागेवर साधे पत्र्याचे किंवा जाळीचे छप्पर का नसावे? तापलेल्या सीटवर बसून, भट्टीसारखे झालेले हेल्मेट घालायला सांगणे हा शिस्तीपेक्षा शिक्षेचा प्रकार वाटतो. ओले जॅकेट वाळत घालायला खुंट्या, फाटकापाशी पिण्याचे थंड पाणी, सुटल्यावर दहा मिनिटे बसायला पंखा, एप्रिल-मेमध्ये पाळी बदलण्याची वेळ भर दुपारपासून सरकवता येते का याचा विचार. यातले काहीही मोठ्या खर्चाचे नाही. रुंदीकरणात महामार्गाकडेची जुनी झाडे गेली. ती सावली परत यायला वीस-पंचवीस वर्षे लागतील. तोवर निदान बसथांब्यांपाशी दुचाकी घेऊन थांबता येईल असे छप्पर मागायला काय हरकत आहे? कामगार संघटना, नगरपरिषद आणि ग्रामपंचायती यांनी हा विषय लावून धरावा. पगारवाढीइतकाच हा आरोग्याचा प्रश्न आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करूया. हेल्मेट फिकट रंगाचे आणि झरोक्यांचे घ्या, आतला कपडा पातळ ठेवा, निघण्याआधी पाणी प्या आणि परतताना दहा मिनिटे थांबा. घाम येईलच. तो पुसता येतो.